सकाळचा हात

लोहाराच्या दुकानात फळीवर नऊ चाकू मांडलेले होते आणि बाइंडरबाईंचा डोळा नेमका सगळ्यात मोठ्यावर गेला.

"तो नको," लोहार ऐरणीमागूनच म्हणाला. मान वर करायचीही तसदी त्याने घेतली नव्हती. "तो लोक भिंतीवर टांगायला नेतात. पाहुणे आले की बोट दाखवायला बरा."

"मला रानात न्यायचाय."

"मग रानात काय काय करणार ते सांगा. चाकूचं मागनं बघू."

बाइंडरबाईंनी सांगितलं. फांद्या सोलायच्या, तंबूच्या खुंट्यांना टोकं काढायची, दोऱ्या कापायच्या. मनगटाएवढं लाकूड सोट्याने ठोकून फोडायचं, आतला कोरडा गाभा काढायचा आणि त्याची पिसं काढायची. पिसं म्हणजे काडीवरून पातं फिरवत फिरवत पातळ कुरळे पापुद्रे सोडायचे, पण तोडायचे नाहीत. काडी अशी पिसारल्यासारखी झाली की ओल्या रानातही ती पेट घेते.

"एवढंच ना? मग ही तलवार कशाला?" लोहार उठला. हात पुसत त्याने फळीवरचा चौथा चाकू उचलला. "तळहाताच्या रुंदीला वर दोन बोटं, एवढं पातं पुरे. आणि हे बघा, पातं मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलंय. दोन बाजूंनी लाकडाच्या फळ्या, मधे पोलाद. ठोका, आपटा, मोडणार नाही. मिटणारही नाही."

शेवटचा शब्द ऐकून बाईंनी उजवा हात शालीत थोडा आत ओढून घेतला.

चाळीस वर्षं त्यांनी ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं बांधली होती. पुठ्ठे, कातडं, सरस आणि पाती यांतच त्यांचा जन्म गेला. पात्याची धार बोटाने बघणाऱ्यांना त्या मनातल्या मनात कच्चं समजत. पिशवीतून जुन्या कागदाचं एक पान काढून त्यांनी डाव्या हाताने उभं धरलं आणि लोहाराकडे बघितलं. लोहार समजला. त्याने पातं वरून खाली सोडलं. आवाज आला, रेशीम ओढल्यासारखा, मधे कुठेही न अडखळता.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या.

"कानाने बघता होय!" लोहार पहिल्यांदा हसला. "मग तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. हे पोलाद गंजतं. न गंजणारंही मिळतं बाजारात, पण त्याला अशी धार येत नाही. याला रोज पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. एक दिवस सोडला तर दुसऱ्या दिवशी डाग. ज्यांना रोजचं जमत नाही त्यांना मी हा देत नाही. सरळ सांगतो, राग येवो नाहीतर लोभ."

बाईंना हसू आलं. "रोजचं सोडून दुसरं काही जमतच नाही मला."

आणि ते खरंच होतं. एकतीस वर्षं त्या सूर्याआधी उठत होत्या. आंघोळ, दिवा, मग पाव घटका नुसतं डोळे मिटून बसणं. पहिला शब्द देवाशी आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. ताप असो, सुतक असो, पाहुणे असोत, हा नेम चुकला नव्हता. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा दिवा लागला होता. लोकांना ते कठोर वाटलं. बाईंना मात्र त्या दिवशी उभं राहायला तेवढीच एक जागा होती.

"आधीचा कुठाय?" लोहाराने विचारलं.

"घडीचा होता. मिटला."

"कुणाच्या हातावर?"

"खरचटलं थोडं," बाई म्हणाल्या. "दीड वर्ष होऊन गेलं त्याला."

लोहाराने शालीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मागच्या कपाटातून एक विचित्र वस्तू आणली. साधंसुधं पातं आणि त्याला लाकडाच्या जागी तपकिरी लगद्याची जाडजूड मूठ.

"ही खोटी मूठ. मेण आणि लाकडाचा भुसा. घरी न्या. अकरा दिवस, रोज अर्धा तास, हिने काड्या सोला, पिसं काढा, रानात करता तेच करा. जिथे हात दाबेल तिथे मेण दबेल, जिथे घासेल तिथे झिजेल. बाराव्या दिवशी परत आणा. त्यावरून मी खरी मूठ घडवतो. हात मोजून नाही होत हे काम. पट्टीला काय कळतंय?"

"दिवसात केव्हाही?"

"तुमचं तुम्ही ठरवा. फक्त हात जसा असेल तसा धरा. मेणाला फसवू नका."

बाई 'बरं' म्हणाल्या. खोटं त्या काहीच बोलल्या नव्हत्या. खरं मात्र तसंच शालीत राहिलं होतं.

खरं असं होतं, की दीड वर्षापूर्वी रानातून परतायच्या दिवशी घडीच्या चाकूची कळ सटकली आणि पातं उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांवर मिटलं. डॉक्टरांनी आतली शीर टाके घालून जोडली. सकाळी, ऊन पाण्यात हात धरला की ती दोन बोटं इतरांसारखी मिटत. गारवा लागला किंवा हात थकला की मात्र ती तशीच उघडी राहत, रुसलेल्या मुलांसारखी.

आणि रान सुटलं तर बाईंजवळ काय राहणार होतं? दरवर्षी एकदा शहरातली शाळकरी मुलं तीन दिवस रानात जात. बारा मुलांची एक तुकडी, प्रत्येक तुकडीला एक प्रमुख. एकोणीस वर्षं बाई तुकडी घेऊन जात होत्या. तळघरातल्या चाळीस वर्षांत त्यांना जेवढा उजेड मिळाला त्यातला बराचसा त्या तीन-तीन दिवसांतला होता. मूल झालं नाही, पण बाराच्या हिशोबाने मोजलं तर त्यांना मुलं दोनशेच्या वर होती. गेल्या वर्षी पूल खचला म्हणून शिबिर झालंच नाही आणि हाताची झाकली मूठ झाकलेलीच राहिली. यंदा शिबिर होतं. त्याआधी होती चाचणी: प्रत्येक प्रमुखाने ओल्या रानात, स्वतःच्या चाकूने, काड्यापेटीच्या तीन काड्यांत, तासाभरात विस्तव करून दाखवायचा. दोनदा संधी. नाही झालं तर त्या वर्षी तुकडी मिळणार नाही.

हा नियम केला होता कुणी? खुद्द बाइंडरबाईंनीच.

*

"देव उठले, आता सुरीही उठली वाटतं," धाकटी जाऊ म्हणाली.

दोघी जावा एकाच घरात राहत. दोघींचे नवरे, म्हणजे सख्खे भाऊ, दोन वर्षांच्या अंतराने गेले आणि भांडायला आता आपल्याशिवाय कोणी उरलं नाही हे ओळखून दोघींनी चूल एक केली. धाकटी बोलघेवडी, थोरली अबोल. धाकटीच्या मते त्यामुळे घरात बोलण्याचं प्रमाण बरोबर सरासरीवर येई.

बाई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. दिवा लावून झाला होता, डोळे मिटून बसणं झालं होतं. शेजारी ऊन पाण्याचं भांडं. त्यांनी उजवा हात पाण्यात धरला, पुसला आणि खोटी मूठ हातात घेतली. काडीवरून पातं सरकलं. पहिलं पीस कुरळं होऊन वर आलं.

"ते पाणी कशाला?"

"देवाच्या कामाला हात धुऊन बसत नाही का आपण?"

"लाकडं तासणं देवाचं काम कधीपासून झालं?"

"नेम घेतला की झालं."

धाकटीने भाजी निवडत निवडत थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, "पण जाऊबाई, रानात काय सकाळचंच लाकूड फोडता तुम्ही? संध्याकाळी का नाही बसत? संध्याकाळी तर तुमच्याने डब्याचं झाकण निघत नाही. परवा लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवलीत."

"बरणी घट्ट होती."

"मी एका हाताने उघडली."

"तुझं तोंड चालतं तसे हातही चालतात," बाई म्हणाल्या. "नेम सकाळचा घेतलाय. सकाळचाच होईल."

"नेम तुम्ही घेतलाय की नेमाने तुम्हाला?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. अबोल माणसाला एक सोय असते: उत्तर नसलं तरी लोकांना वाटतं, आहे पण देत नाही.

अकरा दिवस न चुकता झाले. रोज तीच वेळ, तीच खुर्ची, तेच ऊन पाणी. पाचव्या दिवशी संध्याकाळी, धाकटी शेजारी गेलेली असताना, त्यांनी एकदा मूठ उचलून बघितली होती. दोन बोटं मिटेनात. मेणावर त्यांची नुसती टोकं टेकली. बाईंनी मूठ फडक्यात गुंडाळून ठेवून दिली. नेम दिवसातून एकदाचाच होता, असं त्यांनी मनाला सांगितलं, आणि मनाने ते फार पटकन ऐकलं.

बाराव्या दिवशी लोहाराने मूठ उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिली. चार बोटांचे चार खळगे, रेखीव, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

"सुरेख आहे," तो म्हणाला. पण त्याच्या कपाळाला एक आठी होती. "फारच सुरेख आहे. अजून चार दिवस वापरता का?"

"अकराच सांगितले होतेत."

"ते खरं." त्याने मूठ कपाटात ठेवली. "दहा दिवसांनी या."

दहा दिवसांनी चाकू हातात आला तेव्हा बाईंचा जीव भरून आला. मूठ गडद लाकडाची, मधे बारीक, आणि शेवटाला करंगळीसाठी खालून एक वळण. पात्याची पाठ सपाट आणि कडा काटकोनात. म्यानात घातला की खट्ट आवाज करून बसे, उपडं धरलं तरी पडत नसे. सकाळी घरी दिव्यासमोर त्यांनी तो हातात धरला आणि चारी बोटं आपापल्या खळग्यांत जाऊन बसली. चोळीच्या कापडासारखी बेतशीर. त्यांना वाटलं, देवाने ऐकलं.

*

चाचणीच्या आधी दोन दिवस झड लागून राहिली होती. रान पिळून वाळत घालावं असं भिजलेलं.

चाचणी घ्यायला काटकी आली होती. शिबिराची सगळी व्यवस्था आता तीच बघायची. नऊ वर्षांची असताना बाईंच्या पहिल्या तुकडीत आली तेव्हा इतकी हडकुळी होती की मुलांनी तिला काटकी म्हणायला सुरुवात केली. आता ती दोन मुलांची आई होती, चांगली गरगरीत झाली होती, पण नाव काही जाडं झालं नाही.

"मोठ्या बाई, तुमची चाचणी मी घ्यायची म्हणजे," काटकी घड्याळाशी चाळा करत म्हणाली, "आजीला अ-आ-ई विचारल्यासारखं आहे. आपण नुसतं लिहून टाकू का?"

"वेळ लाव."

सकाळी सुरुवात व्हायची होती, पण वाटेत ओढा चढलेला होता. वळसा घालून पोचेपर्यंत दुपार टळली. बाईंनी डोक्याइतक्या उंचीवर अडकलेली एक वाळकी फांदी शोधली, कारण जमिनीवर पडलेलं लाकूड म्हणजे नुसता स्पंज. फांदीचे वीतभराचे तुकडे केले. तुकडा उभा धरला, वर पातं ठेवलं आणि सोट्याने पात्याच्या पाठीवर ठोके घातले. सलग पोलाद लाकडात शिरत गेलं, कुठेही न कुरकुरता. तुकडा फुटला. आत पिवळा कोरडा गाभा.

"काय चाकू आहे!" काटकी म्हणाली.

वीस मिनिटं झाली होती. बाईंनी गाभ्याची काडी गुडघ्याशी टेकवली आणि पिसं काढायला घेतली. पहिली सात-आठ छान आली. मग वारा सुटला. ओल्या मुठीचा गारठा तळव्यात शिरला आणि करंगळीने खळगा सोडला. तिच्या मागोमाग शेजारचं बोट.

मूठ चार बोटांच्या भरवशावर घडवलेली होती. मधे बारीक, म्हणजे धरायला शेवटची दोन बोटं हवीतच. ती सुटल्यावर करंगळीसाठीचं ते देखणं वळण उलट तळव्याला टोचायला लागलं आणि दर फेरीला मूठ हातातल्या हातात फिरायला लागली. पिसं तुटून पडायला लागली. बाईंनी पकड बदलली. हात काखेत धरून ऊब दिली. पुन्हा घेतलं. पातं सरकलं, मूठ फिरली आणि धार गुडघ्यापासून अंगठाभर अंतरावरून निघून गेली.

काटकीने श्वास घेतल्याचं त्यांना ऐकू आलं.

चोवीस मिनिटं उरली होती. बाईंनी काडीकडे पाहिलं. दोनशेच्या वर मुलांना पहिल्या दिवशी त्यांनी एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं: हात ऐकेनासा झाला की पातं म्यानात. एखादं मूल विचारी, थोडंच राहिलं असेल तरी? त्या म्हणत, थोडं राहिलं असेल तेव्हाच.

त्यांनी पातं पुसलं. म्यानात घातलं. खट्ट आवाज झाला.

"माझी दोन बोटं मिटत नाहीत," त्या म्हणाल्या. "गार पडली की. घडीचा चाकू मिटला होता ना, तेव्हापासून."

काटकी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"पूल खचला होता तेव्हाच्या बैठकीत तुम्ही चहा डाव्या हाताने प्यायलात. तुम्ही! डाव्या हाताने कात्री धरली म्हणून मला अर्धा तास उभं केलं होतंत." ती हसली, पण डोळे भरले होते. "बाई, एक संधी राहिलीय. उन्हं पडली की घेऊ. सकाळी लवकर. तुम्ही ऊन पाण्याची बाटली आणा, मी बघितलंच नाही म्हणेन."

बाईंना वाटलं, कुणीतरी आपल्या खिडकीतून आत डोकावून गेलं.

"दुसरी संधी संध्याकाळी घेऊ," त्या म्हणाल्या. "मुलांना घेऊन चालून चालून थकल्यावरच विस्तव लागतो. नियम करताना मी तरुण होते, तेव्हा हे सुचलं नाही."

*

लोहाराने चाकू हातात घेतला नाही. आधी बाईंकडून सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून मेणाची मूठ काढून फळीवर ठेवली.

"त्याच दिवशी दिसलं होतं मला. अकरा दिवसांच्या मुठीत दहा तऱ्हेचे हात असतात. कधी घाईतला, कधी चिडलेला, कधी दमलेला. खळग्यांच्या कडा विसकटतात. तुमच्या मुठीत एकच हात होता. रोज त्याच वेळचा. न्हाऊन-माखून बसलेला."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"खरचटलं थोडं," बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

"लोक खोटं बोलत नाहीत हो," लोहार म्हणाला. "जे सगळ्यात चांगलं असतं तेवढंच घेऊन येतात माझ्याकडे. मी तरी काय करणार? जे आणतील त्यावर मूठ घडवणार."

त्याने बाईंना कोपऱ्यातल्या हौदातलं गार पाणी चार बादल्या भरून भट्टीपाशी आणायला सांगितलं. बाईंनी आणलं. "आता धरा." त्याने नवी मेणाची मूठ पुढे केली. बाईंनी धरली. दोन बोटं उघडीच राहिली, दिवसाउजेडी, परक्या माणसासमोर. लोहार खाली वाकून बघत राहिला, डॉक्टर बघतात तसा.

"या दोघांना काम द्यायचंच नाही. पहिली दोन आणि अंगठा, एवढ्यावर मूठ तोलू. मागची बाजू जाड करतो, चपटी, म्हणजे हातात फिरणार नाही. लाकडाला चकाकी नको, खरखरीत ठेवतो. मागे कातड्याचा पट्टा, हाताच्या पाठीवरून जाणारा. सुटली बोटं तर चाकू सुटणार नाही. पण आधीच सांगतो, देखणा होणार नाही. मुसळ दिसेल."

"दिसू दे."

"आणि पुन्हा अकरा दिवस."

"संध्याकाळचे," बाई म्हणाल्या.

घरी परतताना एक विचार त्यांच्या पायांबरोबर चालत राहिला. एकतीस वर्षं देवासमोरही आपण तेवढाच हात घेऊन बसलो. न्हालेला, ताजा, चारी बोटं मिटणारा. बाकीच्या दिवसाचा हात, बरणी न उघडणारा, चिडणारा, दुपारी जावेवर खेकसणारा, त्याला आपण कधी दिव्यापाशी नेलंच नाही. देवाला तो माहीत नव्हता असं थोडंच आहे? पण काटकीलाही माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि समोर धरणं वेगळं.

त्या संध्याकाळी त्या खिडकीपाशी बसल्या तेव्हा शेजारी पाण्याचं भांडं नव्हतं. मेण ओबडधोबड दबत गेलं. पिसं तुटत होती. धाकटी जाऊ कधी नव्हे ती गप्प राहून बघत होती. चौथ्या दिवशी तिने बरणी उघडून आपण होऊन समोर ठेवली, आणि बाईंनी "बरं झालं" म्हटलं. दोघींच्या संसारात हा मोठाच तह होता.

*

दुसरी चाचणी शिबिराच्या आठवडाभर आधी झाली. बाईंनी हट्टाने सकाळपासून काटकीला घेऊन टेकडी चढून-उतरून काढली. विस्तवाच्या जागी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि झाडांखाली कालच्या सरीची ओल होती.

नवी मूठ खरंच मुसळासारखी होती. मागे फुगलेली, पुढे दोन बोटांसाठी खोल खाच, वर अंगठ्याला सपाट जागा. बाईंनी पट्ट्यात हात अडकवला. लाकूड फोडलं. पिसं काढायला बसल्या. थोड्याच वेळात ती दोन बोटं सुटली. या वेळी मूठ जागची हलली नाही. बोटं बाजूला नुसती बसून राहिली, काम न करणाऱ्या पण घरातल्याच माणसांसारखी.

काम हळू चालत होतं. दोन बोटांच्या पकडीला जोर कमी, म्हणून एका पिसाच्या जागी दोन हलके फेरे. बाई प्रत्येक काडी पुरी करून बाजूला ठेवत होत्या. सात काड्या झाल्या. साल पसरली, त्यावर पिसं, त्यावर बारीक चिरफळ्यांचं छप्पर. काड्यापेटीतली पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरी ओढताना मोडली. तिसरी बाईंनी ओंजळीत धरली आणि पिसांच्या खालून लावली. एक पीस लाल झालं, आक्रसलं. मग दुसरं. धूर आला, दाट पांढरा, आणि त्याच्या पोटातून जीभ बाहेर काढावी तशी ज्योत वर आली.

काटकीने टाळ्या वाजवल्या. मग घड्याळ गपकन खिशात घातलं.

"किती झाली?" बाईंनी विचारलं.

"पेटला ना विस्तव! आता काय मिनिटं मोजायची?"

"काटके."

काटकीने मान खाली घातली. "एक तास नऊ मिनिटं."

बाईंनी विस्तवात एक जाड चिरफळी सरकवली.

"लिही," त्या म्हणाल्या.

"बाई, नऊ मिनिटांनी कोण मरतंय? नियम तुमचाच आहे. तुम्हीच बदला की."

"बदलणार आहे. चाचणी संध्याकाळीच घ्यायची, हे त्यात घाल. वेळही वाढवायची असेल तर पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी वाढवा, बैठकीत बसून. माझ्या नऊ मिनिटांपुरती नको. नाहीतर पुन्हा ऊन पाण्याचं भांडंच झालं ते."

भांड्याचं काटकीला कळलं नाही, पण तिने वही काढली आणि लिहिलं. लिहिताना तिचं नाक लाल झालं होतं.

"मग यंदा?" तिने विचारलं.

"यंदा तू कुणाच्या तरी हाताखाली घे मला. सरपणाचं काम दे. मुलांना पिसं काढायला शिकवीन. हळू काढते मी आता, त्यांना नीट दिसेल."

"माझ्याच तुकडीत या. पण मी ओरडेन हं."

"ओरड. अर्धा तास उभं मात्र करू नकोस, गुडघे दुखतात."

विस्तव विझवून, राखेवर पाणी ओतून, हात घालून गार झाल्याची खात्री करून त्या दोघी उतरल्या. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

"पास की नापास?" दारातच धाकटीने विचारलं.

"नापास. पण विस्तव पेटला."

"मग नापास कोण झालं, घड्याळ?" धाकटी म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता गरम पाणी आणायला आत वळली. "हात धुवा आधी. कोळसेवाल्यासारखे झालेत."

"थांब जरा."

बाईंनी म्यानातून चाकू काढला, फडक्याने पातं पुसलं, तेलाचं बोट पाठीवरून आणि धारेच्या कडेने फिरवलं. मग दिव्यापाशी गेल्या. संध्याकाळची वात एरवी धाकटीच लावायची. आज काडी बाईंनी ओढली. हाताला धुराचा वास होता, नखांत काजळी, दोन बोटं तशीच उघडी. तो हात तसाच पुढे करून त्यांनी वात लावली आणि डोळे मिटून बसल्या.

आतून धाकटीचा आवाज आला, "जाऊबाई, पाणी गार होतंय हो!"

"होऊ दे," बाई म्हणाल्या.